फुकटाचे मोल

'फुकट' या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. 'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो खरे. परंतु जे विनामूल्य मिळते त्याला मोल नसते, अशीच आपली मनोमन समजूत असते. विद्येच्या बाबतीत मात्र आपली परंपरा नेमकी उलट आहे. माधुकरी मागून शिकलेली आणि गावच्या वाचनालयात उभ्या उभ्या वाचून शहाणी झालेली माणसे आपल्याच घराण्यांतून होऊन गेली. महाजालावर आज शिकण्या-शिकवण्याची जी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यांच्याकडे आम्ही याच परंपरेच्या नात्याने पाहतो. बेळगाव भागातील एका सरकारी मराठी शाळेत गेली काही वर्षे आम्ही व आमचे सहकारी ती वापरीत आहोत. त्यांतून काय साधते आणि काय साधत नाही, याचा थोडा हिशेब वाचकांपुढे मांडावा, असे वाटले.

आमची सामग्री बेताचीच आहे. एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि चुना दिलेली एक भिंत. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि नेट तर विजेहूनही लहरी. त्यामुळे जे साधन एकदा उतरवून घेतले की पुढे नेटवाचून चालते, त्यालाच आमच्याकडे पहिला मान. अशांपैकी एक म्हणजे 'फेट'. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल वायमन यांनी अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात २००२ साली हा उपक्रम सुरू केला. त्यातील अनेक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत.

आमच्या विज्ञानशिक्षकांनी आठवीच्या वर्गात त्यातला विद्युतमंडलाचा प्रयोग लावला, तेव्हा आम्ही मागच्या बाकावर बसून होतो. एकाच तारेत एकापुढे एक असे दोन दिवे जोडायचे होते. कळ दाबण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाला वहीत उत्तर लिहावयास सांगितले: कोणता दिवा अधिक उजळेल? बहुतेकांनी पहिला दिवा लिहिला. पहिला दिवा वीज खाणार आणि उरलीसुरली दुसऱ्याच्या वाट्याला येणार, हा त्यांचा तर्क. पंक्तीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात काय पडते, हे घरी पाहिलेल्या मुलांना तो न सुचता तरच नवल! भिंतीवर मात्र दोन्ही दिवे सारखेच उजळले आणि तारेतून जाणारे निळे ठिपके दोन्ही दिव्यांच्या अलीकडे व पलीकडे एकाच गतीने चालताना दिसले. एका मुलाने दोन्ही दिवे काढून तार सरळ जोडून दिली, तशी पडद्यावरच्या बॅटरीने पेट घेतला आणि वर्ग हसून लोटपोट झाला. त्या हशातच शॉर्टसर्किट म्हणजे काय आणि घरातला फ्यूज कशासाठी असतो, हे सांगून झाले.

खरे शिक्षण पुढेच होते. शिक्षकांनी खिशातून खरे सेल, तारा आणि विजेरीचे दोन दिवे काढले व तोच प्रयोग टेबलावर केला. तेथे एक दिवा थोडा अधिक उजळला. "पडदा खोटा बोलला!" असा गलका झाला. मग दिव्यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी तोच दिवा अधिक उजळ राहिला. म्हणजे दोष जागेचा नव्हे, दिव्यांचा. एकाच पुडक्यातले असले तरी दोहोंच्या तारा सारख्या नव्हत्या. पडद्यावरचे जग नीटनेटके असते, टेबलावरचे तसे नसते, आणि एकावाचून दुसरे अपुरे असते. हा पाठ कोणत्याही पुस्तकात नव्हता.

भूमितीच्या तासालाही हाच न्याय. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने २००१ साली सुरू केलेले 'जिओजेब्रा' हे साधन तर काळ्या फळ्याचे धाकटे भावंडच म्हणावे. त्रिकोणाचा एक कोपरा धरून कोठेही ओढा. तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. मुले थक्क होतात. तेथेच आमच्या गणिताच्या बाई पडदा बंद करतात आणि खडू हाती घेतात. शंभर त्रिकोणांत दिसले म्हणून एकशे एकाव्यात असेलच, याला आधार काय? मग शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी लागते, व्युत्क्रम कोन जुळवावे लागतात. साधन कुतूहल जागे करते. सिद्धता मात्र मुलाने स्वतःच लिहायची असते.

भाषेच्या तासाविषयी लिहिताना आमचा हात थोडा सैल सुटेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली छापला गेला व त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. हा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने महाजालावर सर्वांस खुला ठेवला आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली प्रसिद्ध झाला. तोही आता घरबसल्या वाचता येतो. आमच्यासारख्या शाळेच्या कपाटात हे सारे ग्रंथ येणे कधीच शक्य नव्हते. बालभारतीची पुस्तकेही आज उतरवून घेता येतात. कर्नाटकाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या आमच्या मुलांना महाराष्ट्रातील भावंडे कोणते धडे वाचतात हे त्यामुळे कळते आणि फावल्या तासाला आम्ही त्यांतला एखादा धडा वाचूनही दाखवतो.

आम्ही मुलांना एक काम देतो. आजी-आजोबांच्या तोंडचा, पुस्तकात न आढळणारा एक शब्द घेऊन यायचा आणि तो कोशात शोधायचा. कोणी 'कणगी' आणते, कोणी 'परडे'. शोधताना जुन्या लेखनातले अनुस्वार आडवे येतात, म्हणून जुने लेखन समजावून घ्यावे लागते. शब्दापुढची अक्षरे पाहून हा संस्कृतातून आला, तो फारशीतून आला, असे मुले एकमेकांस सांगू लागतात. शब्द सापडला की मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो पाहण्याजोगा असतो. आपल्या आजीची बोली 'अशुद्ध' नसून दीडशे वर्षांहून जुन्या ग्रंथात मानाने बसलेली आहे, हे त्याला प्रथमच उमगते.

सर्वच फुकट साधने इतकी विश्वासू नसतात. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेल्या एका मजकुरात बॅटरीतल्या 'सेल'चे भाषांतर 'पेशी' झाले होते. दिव्याला वीज पुरवणारी पेशी! मुले हसली, आम्ही तो मजकूर टाकून न देता व्याकरणाच्या तासाला घेतला आणि अशा आणखी चुका शोधावयास सांगितले. विकिपीडियाचेही तसेच. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया कोणीही लिहू शकतो. म्हणून त्यातली माहिती विश्वकोशाशी ताडून पाहिल्याखेरीज वहीत उतरवायची नाही, असा आमचा दंडक आहे. ताडून पाहण्याची ही सवय लागली, तर उद्या यंत्राने कितीही गोड भाषेत उत्तर दिले तरी आमचा विद्यार्थी सहसा फसणार नाही.

आता फुकटाच्या छुप्या किमतीविषयी. साधन विनामूल्य असले तरी फोन विनामूल्य नसतो, रिचार्जही नसतो. २०२० साली महासाथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही हे आम्हांस उघड्या डोळ्यांनी दिसले. ज्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर सकाळीच कारखान्यात जातो, त्या घरातल्या मुलीने अभ्यास कशावर करायचा? म्हणून महाजालाचे काम आम्ही वर्गातच करतो; गृहपाठ मात्र वही-पेन्सिलीचा. चाळीस मुलांनी एका भिंतीकडे पाहून भांडत-वाद घालत शिकणे, हे चाळीस मुलांनी चाळीस कोपऱ्यांत मान खाली घालून बसण्यापेक्षा आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. शिवाय जे साधन मुलाचे नाव, वय, फोन नंबर विचारते, ते आम्ही दारातूनच परत पाठवतो. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा नसता तरी परक्याला घरची माहिती देऊ नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेच होते. फेट वा जिओजेब्रा वापरण्यास असे नाव नोंदवावे लागत नाही.

गेल्या वर्षी उद्यमबागेत काम करणारे एक पालक मुलीचा दाखला मागण्यास आले होते. इंग्रजी शाळेत घालायचा विचार होता. त्यांनी वर्गाच्या दारातून तो दिव्यांचा प्रयोग पाहिला आणि म्हणाले, "सर, हे मराठीतनं चाललंय ते बघून बरं वाटलं. पण पुढं कॉलेजात मराठी चालणार काय?" प्रश्न रास्त होता, त्याला भावनेने उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. आम्ही तोच प्रयोग इंग्रजीत उघडला. चित्र तेच, दिवे तेच. नावे तेवढी बदलली. त्यांच्या मुलीला पुढे बोलावले. तिने इंग्रजी नावे अडखळत वाचली, मात्र दोन्ही दिवे सारखे का उजळतात हे वडिलांना न अडखळता सांगितले. "नावं शिकायला एक वर्ष पुरे," आम्ही म्हणालो, "कळायला मात्र आपली भाषा लागते. आणि इंग्रजीची तयारी आम्ही इथेच करून घेऊ." ते बराच वेळ गप्प राहिले. "बघतो, सर," एवढेच म्हणून, दाखला न घेता गेले. ती मुलगी आज नववीत आमच्याकडेच आहे. तिच्या शेजारच्या बाकावरच्या दोघी मात्र गेल्या, हेही नमूद केले पाहिजे.

जे फुकट मिळते त्यामागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते. तिची परतफेड पैशाने होत नसते. मुलांनी आणलेले जे शब्द कोणत्याच कोशात सापडत नाहीत, ते आम्ही अर्थ, गाव आणि सांगणाऱ्याचे नाते यांसह एका वहीत टिपून ठेवतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतही असे कितीतरी शब्द आजवर टिकून असतील. वाचकांनी आपल्या नातवंडांना हाताशी धरून अशी एक वही घालावी. शंभर पानी वही पुरते.