समेवर पाय

आमच्या पेडलबोर्डाच्या एका कडेला चार बोटांची जागा कित्येक वर्षे रिकामी पडून होती. पेडलबोर्ड म्हणजे जेवणाच्या पाटापेक्षा थोडी मोठी, पुढच्या बाजूस किंचित उतरती अशी एक फळी. विजेच्या गिटारचा आवाज ध्वनिवर्धकात शिरण्यापूर्वी ज्या लहान लहान डब्यांतून फिरून जातो, ते डबे तिच्यावर ओळीने बसविलेले असतात. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून ते चालू-बंद करावयाचे ते पायाने. आमच्या फळीवर असे चार डबे होते : तारा जुळविण्यासाठी ट्यूनर, आवाजास थोडी खरखरीत धार देणारा ओव्हरड्राइव्ह, एका वाद्याची अनेक वाद्ये झाल्याचा भास देणारा कोरस आणि प्रतिध्वनी देणारा डिले. दिवसा काळा कोट घालून मुदती मागणाऱ्या पंचेचाळीशीच्या गृहस्थाने सायंकाळी असल्या डब्यांवर पाय आपटीत बसावे, हे आमच्या कित्येक अशिलांस मानवणारे नाही. म्हणून ही कबुली आम्ही आजवर दप्तरी दाखल केली नव्हती.

पाचव्या डब्याची गरजच कधी भासली नाही, कारण त्याचे काम एक हाडामांसाचा माणूस करीत होता. मडगावच्या शाळेत आमच्या बाकावर बसणारा, पुढे चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवू लागलेला आमचा हा मित्र दर शनिवारी आमच्या सोप्यावर येई. आम्ही नाट्यपदे नि भजने यांचे स्वर वाजवावयाचे आणि त्याने खाली कॉर्ड्स धरावयाच्या. ती पदे त्याच्या घरात कोणी ऐकलेली नव्हती आणि कॉर्ड म्हणजे काय हे आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. तरी वीस वर्षे आमचे बरे जमले. २०१९ साली तो इंग्लंडमधील स्विंडन येथे गेला. त्या शहरी गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. त्याच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात झालेला, तेव्हा पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला पाठवावयाचे जन्माचे नि विवाहाचे दाखले गोळा करावे लागले. ते काम आम्हीच केले, आणि मित्र म्हणून फी घेतली नाही. पुढे कित्येक शनिवारी आम्हांस असे वाटले, की घ्यावयास हवी होती, आणि तीही अशी की त्याला परवडू नये.

चार-पाच वर्षे गिटार पेटीतच राहिली. एकट्याने स्वर वाजवावेत तर ते उघडे पडल्यासारखे वाटत. अभियांत्रिकी शिकणारा आमचा भाचा एकदा सुटीत आला असता म्हणाला, "मामा, तुम्ही लूपर का नाही घेत?"

लूपर हे मुळात अगदी साधे यंत्र आहे. पायाने कळ दाबली की ते ऐकू लागते, पुन्हा दाबली की ऐकलेले तेवढेच वाजवू लागते आणि थांबविले नाही तर वाजवीतच राहते. तिसऱ्यांदा दाबले की त्यावर नवा थर चढतो. अशा रीतीने एकटा माणूस आपली साथ आपणच करू शकतो. कल्पना नवी नाही. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारांची १९७३ साली एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यासाठी त्यांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी मांडले होते आणि एकाची फीत दुसऱ्यातून ओढून वाजलेला स्वर काही क्षणांनी परत येईल अशी योजना केली होती. आज तेच काम मुठीत मावेल एवढा डबा करतो. आणि आपल्याकडे तरी काय निराळे आहे? तबलजी एकटा वाजवावयास बसला म्हणजे हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच लेहरा आवर्तनामागून आवर्तन चालतो, तो या यंत्राचाच वडील भाऊ. देवळात गायकाशेजारी विजेचा तंबोरा वाजत असतो, त्यालाही आता कोणी नाक मुरडीत नाही. सबब यंत्राची साथ घेतल्याने आमचा धर्म बुडत नाही, एवढा मुद्दा आम्ही प्रथमच आमच्या बाजूने निकालात काढला.

निवड मात्र महिनाभर रेंगाळली. वकिलास साधी छत्री घ्यावयाची झाली तरी दोन्ही पक्षांचे ऐकून घ्यावे लागते, इथे तर पक्षकार अनेक. पहिला टी. सी. इलेक्ट्रॉनिकचा डिटो. देहयष्टी काडेपेटीच्या जरा थोरल्या बहिणीची. एकच बटण नि एकच कळ, आणि पाच मिनिटांपर्यंतचे आवर्तन त्यात मावते. आमच्या चार बोटांच्या जागेत तोच काय तो नीट बसणारा. पण त्याला थांबवावयाचे तर कळ लागोपाठ दोनदा दाबावी लागते आणि दुसऱ्या दाबाला तो थांबतो. म्हणजे समेवर थांबावयाचे तर पहिला दाब समेच्या आधीच द्यावा लागतो. शिवाय वीज काढली तरी जुने आवर्तन त्यात राहते खरे, पण नवे भरावयाचे तर जुने पुसल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा पक्षकार बॉसचा आर. सी.-१ : अंगाने रुंद, बारा मिनिटांचा, आणि माथ्यावर २४ लहान दिव्यांचे वर्तुळ. आवर्तन कोठवर आले हे त्यात डोळ्यांना दिसते. तिसरा त्याचाच धाकटा भाऊ आर. सी.-५. त्यात ९९ आवर्तने वेगवेगळी साठवून ठेवता येतात, ५७ ताल आयते भरलेले, आणि मुद्रणाची एकूण क्षमता तेरा तासांची. तेरा तास आम्ही आयुष्यात सलग बोललोदेखील नाही.

भाच्याने आणखी एक सांगितला, डिटो जॅम एक्स-२. तो म्हणे ढोल वाजविणाऱ्याची लय ऐकतो आणि त्याप्रमाणे आपले आवर्तन मागेपुढे करतो. ऐकून आम्ही क्षणभर थबकलो. पण आमच्या सोप्यावर ढोल वाजविणारे कोणी नाही.

शेवटी मडगावातल्या एका वाद्यांच्या दुकानात आम्ही परीक्षेस बसलो. सोळा मात्रांची एक साधी साखळी वाजवून सतराव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या समेला, कळ दाबावयाची. दाबली. आवर्तन फिरू लागले आणि दर फेरीच्या शेवटी एक पाऊल अडखळे, उंबरठ्याला ठेच लागावी तसे. पुन्हा केले, पुन्हा ठेच. दुकानातला कोवळा पोरगा आदबीने म्हणाला, "सर, तुमी मात्शें उशीरां दांबतात."

हा उशीर सेकंदाच्या एखाद्या दशांशाचा असेल. परंतु यंत्राची गंमत अशी की ते तो उशीर क्षमा करीत नाही आणि विसरतही नाही. दर आवर्तनाला तो तितकाच, त्याच जागी, पुन्हा पदरात घालते, आणि त्यावर जे थर चढवाल ते सारे त्याच लंगड्या पायावर उभे राहतात. आमच्या व्यवसायात असे नसते. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ५ आहे. अपिलास उशीर झाला तरी पुरेसे कारण दाखविले तर न्यायालय विलंब माफ करू शकते, आणि त्या कलमाच्या आधारावर आम्ही अर्धे आयुष्य काढले आहे. लूपरला कलम ५ नाही.

त्या रात्री मित्राला फोन करून आम्ही तक्रार गुदरली, की वीस वर्षे तुझ्यासोबत वाजविले तेव्हा लय कधी चुकली नाही, मग आताच ही अवदसा का? तो मोठ्याने हसला. "तूं धांवतालो तेन्ना हांव धांवतालों, तूं रावतालो तेन्ना रावतालों. मशीन कित्याक धांवतली?" यंत्र कशाला धावेल! वीस वर्षे आम्ही स्वतःस लयीचा पक्का समजत होतो. तो पक्केपणा समोरच्या माणसाच्या उजव्या हातात होता, हे त्याने कधी बोलून दाखविले नाही, आणि आम्हांस कळण्यासाठी एका दुकानदाराच्या पोराने सांगावे लागले.

आमच्या गावच्या देवळात भजनाला पखवाज वाजविणारे एक वृद्ध काका आहेत. आमच्या वडिलांच्या गाण्याला त्यांनी साथ केलेली. श्रावणातल्या सोमवारी भजन आटोपल्यावर आम्ही भीत भीत त्यांच्यापुढे आमची कैफियत मांडली. गिटार, डबे, लूपर यांतले त्यांना काही समजावून द्यावे लागले नाही, कारण त्यांनी तिकडे लक्षच दिले नाही. एवढेच विचारले, "तूं पांय केन्ना उखलता?" पाय उचलतोस कधी? आम्ही म्हणालो, सम आली की. "तर मागीर उशीर जातलोच," असे म्हणून ते पखवाजाची शाई पुसू लागले. मग जरा वेळाने आमचा हात धरून त्यांनी पायरीवर तीनताल धरावयास लावला आणि चौदाव्या मात्रेला आमच्या घोट्याला टिचकी मारली. पुन्हा चौदावी, पुन्हा टिचकी. देवळातून निघणारी मंडळी पाहत होती. वकीलसाहेबांना टाळी शिकविली जात आहे, ही वार्ता दुसऱ्या दिवशी बाररूमपर्यंत पोचली होती.

पंधरा दिवस आम्ही गिटारला हात न लावता नुसता पाय उचलला. चौदाला पाय वर, सोळापर्यंत हवेत, समेवर खाली. आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली, ती नवशिक्यांनी ध्यानात ठेवावी : कळ दाबताना वाजविणे थांबवू नये, समेच्या पुढेही हात चालू ठेवावा, म्हणजे सांध्यावर आवाज तुटत नाही. आणि डबा साखळीत शेवटी, डिलेच्याही नंतर जोडावा, म्हणजे साथ जशी भरली तशीच वाजत राहते आणि नंतर ओव्हरड्राइव्ह दाबला तरी तिला धार चढत नाही. वीजपुरवठाही शक्यतो वेगळा द्यावा. आम्ही सगळे डबे एकाच तारेवर टांगून पाहिले, तर मागे भुंगा गुणगुणावा असा आवाज येऊ लागला.

एवढे होईपर्यंत खरेदीचा निकाल जवळजवळ लागला होता. डिटोच घ्यावयाचा. जागा तेवढीच आहे, ५७ ताल घेऊन आम्हांस करावयाचे काय? भाच्याकडे डिटो होताच, तो त्याने सरावासाठी आमच्याकडे ठेवला.

त्या नाताळात मित्र आला. सहा वर्षांत प्रथमच. सोप्यावर बसलो, त्याने तो डबा उलटापालटा करून पाहिला, दोन मिनिटांत त्याची रीत उमजून घेतली आणि आमच्या नेहमीच्या भजनाच्या चार कॉर्ड्स सोळा मात्रांत बसवून स्वतःच्या पायाने आवर्तन मिटवले. पहिल्याच खेपेस. मग दोघेही हात बांधून ते ऐकत बसलो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो परत गेला.

नंतर आमच्या ध्यानात आले, की आता सराव करता येत नाही. करावयाचा तर त्याचे आवर्तन पुसावे लागेल. पाय खाली दाबून धरला, की काम संपले. तीन आठवडे तो डबा तसाच पडून राहिला. कोणत्याही खटल्यात वस्तुपुरावा नष्ट करू नये, असे आम्ही स्वतःस समजाविले, पण खटला कोणता, हे विचारणारे घरात बरेच होते. सौ. म्हणाल्या, "माणूस इंग्लंडात आहे, काही वैकुंठाला गेलेला नाही. पुन्हा येईल तेव्हा पुन्हा वाजवील." युक्तिवाद बिनतोड होता. आम्ही त्यास उत्तर दिले नाही आणि आर. सी.-५ मागविला.

भाचा आपला डिटो परत न्यावयास आला, त्या दिवशी दोन्ही डबे शेजारी ठेवून त्याने एकाच्या बाहेर येणाऱ्या टोकापासून दुसऱ्याच्या आत जाणाऱ्या टोकाला तार जोडली. जुन्यात मित्राचे आवर्तन फिरते ठेवावयाचे आणि नव्याची कळ समेवर दाबून, पुढच्या समेवर पुन्हा दाबून ते त्यात उतरवून घ्यावयाचे. "मी करू का?" भाच्याने विचारले. आम्ही नको म्हणालो.

पहिल्या वेळी चुकलो. दुसऱ्या वेळीही चुकलो, पण या खेपेस घाई झाली होती. तेव्हा भाचा कान देऊन ऐकत म्हणाला, "मामा, हांगा अंकल मात्शे रावतात." आम्ही पुन्हा ऐकले. खरेच, तेराव्या-चौदाव्या मात्रेच्या मध्ये, अंतऱ्यावरून आम्ही नेहमी धापा टाकीत परत येतो त्या ठिकाणी, त्याचा हात केसभर थांबत होता. आम्ही वाजवीत नसताना, एकटाच यंत्रात साथ भरताना, तो आमच्यासाठी थांबला होता, आणि यंत्र ते थांबणे दर आवर्तनाला प्रामाणिकपणे उद्धृत करीत होते.

भाचा म्हणाला, हे सरळ करता येईल, संगणकावर घेऊन दोन मिनिटांत मात्रा समान करून देतो. आम्ही त्याला चहा घ्यावयास आत पाठविले. मग त्या केसभर अंतरासकट मोजून, चौदाला पाय उचलून तिसऱ्यांदा दाबले, आणि फेरी पूर्ण होताच पुन्हा दाबले. ठेच लागली नाही. पहिल्या क्रमांकाच्या खणात ते आवर्तन आता आहे. उरलेल्या ९८ पैकी चार-पाच खण आमच्या सरावाने भरले आहेत आणि रोज पुसले जातात.

नवा डबा चार बोटांच्या जागेत अर्थातच बसेना. कोरस काढावा लागला. तो भाचा घेऊन गेला.