पिवळ्या रेषेच्या मागे

माणसाच्या घरी न मागता सल्ले चालून येण्याचे तीनच प्रसंग असतात. एक, घराचं बांधकाम काढणं. दोन, गुडघे दुखणं. आणि तीन, मूल वेळेवर न बोलणं. पहिला प्रसंग कर्जाने निभावतो, दुसरा तेलाने. तिसऱ्याला मात्र अंत नाही.

आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे झाले तरी बोलेनात, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये एक अनौपचारिक वैद्यकीय महामंडळ स्थापन झालं. शेजारच्या काकू वेखंड घेऊन आल्या. सौ.च्या मावशींनी सोन्याची कांडी मधात बुडवून चाटवायला सांगितली. सोन्याचा भाव पाहता त्यापेक्षा मुंबईचा स्पेशालिस्ट स्वस्त पडला असता, आणि पुढे तो पडलाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मामलेदारांनी धीर दिला, "काही काळजी करू नका. आमचा पुतण्या पाच वर्षांचा होईस्तोवर गप्प होता. आज वकील आहे!" हा धीर होता की इशारा, हे मला अजून उमगलेलं नाही.

स्पेशालिस्ट बाईंनी दोन तास चिरंजीवांशी खेळून निदान केलं. ऑटिझम. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द ज्या कोणी काढला, त्याने दुपारी अडीच वाजता आमच्या शाखेत एक चक्कर टाकायला हवी होती. समोर वीस माणसं उभी असताना स्टॅपलरच्या पिनांचं चिंतन करणारे आमचे हेडकॅशियर पाहिले असते, तर त्याने तो शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवला असता. आमचा मुलगा स्वतःत मग्न बिलकूल नाही. तो जगात मग्न आहे. फक्त आपण जगाचा जो भाग 'सोडून द्या हो' म्हणून सोडून देतो, नेमक्या त्या भागात.

बाईंनी समजावून सांगितलं, की हा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी. त्यावर गोळी नाही, काढा नाही, आणि अशी दोन मुलंही एकसारखी नसतात. आम्ही घरी आलो. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. चिरंजीव मात्र ठरल्या वेळी, ठरल्या ताटात, ठरलेला वरणभात जेवून झोपले.

निदान झालं म्हटल्यावर महामंडळाचं सल्ला खातं बंद होऊन चौकशी खातं उघडलं. दोष कोणाचा? आमच्या आत्याबाईंनी पहिल्याच बैठकीत निकाल दिला, "आई नोकरी करते ना! मुलाला माया कमी पडली."

सौ. आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. आमच्या घरात रडण्याचा आवाज नळाच्या आवाजात जमा करण्याची पद्धत आहे.

मी बी.कॉम. माणूस. कोणी आकडा सांगितला की आधी व्हाउचर मागतो. तेव्हा वाचायला बसलो. पाहतो तर काय, आमच्या आत्याबाई एकट्या नव्हत्या! लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचं सविस्तर वर्णन लिहिलं. पुढे तिथल्या विद्वानांनी दोष ठेवला तो आयांवर. 'रेफ्रिजरेटर आया' असा शब्दच रूढ झाला. म्हणजे आई थंड, म्हणून मूल गोठलं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली याच मताचं जाडजूड पुस्तक काढलं. वास्तविक तीन वर्षं आधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं होतं, की मायेचा यात संबंध नाही, हा मेंदूच्या घडणीचा मामला आहे. रिमलँड स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. विद्वानांनी सिद्धान्त मांडायचा आणि बापाने तो खोडायचा, ही कामाची वाटणी तेव्हापासूनची आहे.

पुढच्या खेपेला आत्याबाई आल्या तेव्हा हे सगळं त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे अमेरिकेत पण माझ्यासारखंच म्हणायचे!" आणि कृतार्थ चेहऱ्याने चहा प्यायल्या.

चिरंजीव चौथ्या वर्षी बोलले. पहिलं वाक्य होतं, "पुढील स्टेशन मुंब्रा." लोकलमधल्या निवेदिकेचा तोच सूर, तीच थांबण्याची पद्धत. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं ही या मुलांची एक रीत असते, आणि ते वाटतं तसं निरर्थक नसतं. आम्हाला आठवड्याभरात भाषांतर जमलं. 'पुढील स्टेशन' म्हणजे हे आता पुरे, पुढचं काढा. भात संपला, पुढील स्टेशन. आंघोळ झाली, पुढील स्टेशन. महिन्याभरात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवलीपर्यंत चोवीस स्टेशनं सुलट आणि उलट पाठ झाली. स्वतःच्या स्टेशनला झोपून कल्याणला जागा होणारा बाप ज्याला आहे, त्याच्यासाठी ही मोठीच सोय.

थेरपीच्या बाईंच्या सांगण्यावरून आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याच्या दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक लावलं. ब्रशचं चित्र, शाळेचं चित्र, पोह्यांचं चित्र. पुढे काय होणार हे आधी दिसलं की मूल बावरत नाही, असं त्यामागचं तत्त्व. ते वेळापत्रक महिन्याभरात सर्व घरावर लागू झालं. पाच दहाला आजोबांबरोबर बागेत म्हणजे पाच दहाला. साडेसातला पाहुणे जाणार म्हणजे जाणार. आता आपल्याकडे पाहुणा 'निघते हं' म्हणतो, ती निघण्याची केवळ नोटीस असते. नंतर उंबऱ्यात उभ्या उभ्या खरा विषय निघतो. चिरंजीवांना ही सवलत मंजूर नाही. आत्याबाई "निघते हं मी" म्हणाल्या, की हा त्यांच्या चपला आणून पायांशी जुळवून ठेवतो आणि दार उघडून उभा राहतो. त्या रागावल्या की हा गोंधळतो. निघते असं तुम्हीच म्हणालात ना?

खरी पंचाईत मराठी भाषेची. आपण दिवसभर एकमेकांशी किती खोटं बोलतो, हे असं मूल घरात असल्याशिवाय कळत नाही. "पोटात कावळे ओरडताहेत" म्हटलं, की हा शर्टाला कान लावून ऐकणार. "डोकं खाऊ नकोस" म्हटलं की घाबरून सांगणार, "मी पोहे खाल्ले." शाळेत मास्तर म्हणाले, "सगळ्यांनी फळ्याकडे डोळे लावा." हा उठला आणि फळ्याला डोळा लावून उभा राहिला. वर्ग हसला. मास्तरांनी उद्धटपणाचा शेरा लिहून पाठवला. माझ्या मते त्या वर्गात हुकमाची तामिली करणारा तो एकटाच होता.

माझे वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. कोणीतरी बाईंनी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "आजोबा देवाघरी गेले हो." तो उठला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवघराचं दार उघडून त्याने आत वाकून पाहिलं. बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती. दार लावून तो परत आला आणि म्हणाला, "नाहीयेत." जमलेल्या मंडळींत कोणालाही काही सुचेना. शेवटी सौ.ने त्याला खाली बसवलं आणि सरळ मराठीत सांगितलं, "आजोबांचं शरीर बंद पडलं. ते आता परत येणार नाहीत. कधीच." त्याने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाच दहाला तो बूट घालून दारात उभा. तिसऱ्या दिवशीही. मुलाला भावना नसतात म्हणणाऱ्यांनी तेव्हा आमच्या दारात यायला हवं होतं. पंधराव्या दिवशी सौ.ने वेळापत्रकातलं आजोबांचं चित्र त्याच्यासमोर काढून अल्बममध्ये लावलं आणि त्या जागी माझं चिकटवलं. तेव्हापासून आमच्या साहेबांना ठाऊक आहे, की शनिवार-रविवार ऑडिट निघो की प्रलय होवो, पाच दहाला मी बागेत असतो.

शाळेची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती आम्ही लांबणीवर भोगली. पहिल्या शाळेने "इतर पालकांच्या तक्रारी आहेत" असं सांगितलं. दुसरीने "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणून सांगितलं. तशी म्हणजे कशी, ते सांगितलं नाही. वास्तविक १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं, पण २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याची गणना केली, आणि सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. मात्र त्यासाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के असल्याचं प्रमाणपत्र लागतं. टक्क्यांसाठी मी जन्मभर देवाला साकडं घातलंय, पण सरकारी दवाखान्याच्या त्या बाकावर नेमकं काय मागावं, हे कळेना. कमी पडावेत तर हक्क जातो, जास्त पडावेत असं कोणता बाप म्हणेल? सौ. आणि मी एकमेकांकडे न बघता बसलो होतो. प्रमाणपत्र मिळालं. पेढे वाटायचा प्रश्न नव्हता.

तिसरी शाळा साधी, मराठी माध्यमाची, पत्र्याच्या छपराची. तिथल्या हेडबाईंनी कायदा विचारला नाही, प्रमाणपत्र पाहिलं नाही. "त्याला काय आवडतं?" एवढंच विचारलं. म्हटलं, वेळापत्रक. आणि काय सोसत नाही? अचानक झालेला मोठा आवाज. कुकरच्या शिट्टीला कान झाकतो, शाळेच्या घंटेला बाकाखाली जातो. बाईंनी विचार केला आणि त्यालाच घंटेचं काम दिलं. आवाज केव्हा होणार हे आता त्यालाच ठाऊक. अचानक असं काही उरलंच नाही. बाकाखाली जाणं थांबलं. तास सेकंदाला सुरू आणि सेकंदाला बंद होऊ लागले. त्याचा त्रास फक्त इतिहासाच्या सरांना झाला. त्यांचं पानिपत दर वर्षी दोन तास जास्त चालायचं. या वर्षी सदाशिवरावभाऊ वेळेत पडले.

आता राहिला एकच प्रश्न. तो रात्री दिवा मालवल्यावर येतो. आमच्यानंतर काय? या प्रश्नावर नवरा-बायकोंत चर्चा होत नाही. दोघंही जागे आहोत, एवढं एकमेकांना ठाऊक असतं.

पण बँकेने मला एक शिकवलंय. ज्या गोष्टीची भीती वाटते, तिची आधी फाइल करावी. मूल अठराचं झालं की कायद्याच्या दृष्टीने आई-बापांचं पालकत्व संपतं. पुढे पालक नेमून घ्यायचा असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती तो नेमते. ते प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच बँकांना कळवलं आहे. या परिपत्रकाची एक प्रत माझ्या खणात असते. वर्षातून दोन-तीनदा एखादी आई आपल्या उंच झालेल्या मुलाचा हात धरून काउंटरवर येते. दुसऱ्या कुठल्या शाखेतून 'कोर्टाचा कागद आणा' असं ऐकून आलेली असते. मी खण उघडतो. त्या क्षणी तिचा चेहरा पाहिला, की प्रमोशन नाकारून क्लार्कच राहिल्याचं मला यत्किंचितही वाईट वाटत नाही.

पालक नेमता येतो हे खरं, पण जितकं स्वतःला जमेल तितकं शिकवावं, असं सौ.चं धोरण. दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. चिरंजीव आता तेरा वर्षांचे आहेत. त्यांचं खातं आमच्याच शाखेत उघडलं. सौ.ने सहा महिने घरी जेवणाच्या टेबलावर बँक मांडली. पाटावर कॅशियर ती, रांगेत हा. गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा एकटा आत आला. सौ. बाहेर उसाच्या गुऱ्हाळापाशी उभी होती. तिने पाच रस मागवले आणि एकही प्यायली नाही, असं रसवाल्याने नंतर मला सांगितलं.

आमच्या शाखेत फरशीवर एक पिवळी रेषा आहे. तिच्या मागे उभं राहावं, असा बोर्डही आहे. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत त्या रेषेचा मान ठेवणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. चिरंजीव रेषेला अंगठे टेकवून उभे राहिले. तिघं जण पुढे घुसले. माझ्या हातातलं नोटांचं बंडल दोनदा चुकलं. तेवढ्यात हा शांतपणे, निवेदिकेच्या सुरात म्हणाला, "कृपया रांगेत यावे." तिघंही मुकाट मागे गेले. बँकेचीच ध्वनिफीत लागली, असं त्यांना वाटलं असावं.

स्लिप अचूक. सही नमुन्याशी काटेकोर जुळणारी. घरच्या माणसाचं व्हाउचर आपण पास करू नये, म्हणून ते शेजारच्या बाईंनी केलं. मी दोनशे रुपये पुढे सरकवले. 'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्या' हा बोर्ड त्याने वाचला, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे नव्हे, माझ्या टायकडे पाहत म्हणाला, "बरोबर आहेत."

हा शब्द या खिडकीवर मला आजवर कोणी म्हटला नव्हता. मला काहीतरी बोलायचं होतं, पण घसा साथ देईना. त्याने दोन सेकंद वाट पाहिली, बाजूला झाला आणि रांगेकडे वळून म्हणाला, "पुढील."