मुंबईकरांची बंद घरं

मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आम्ही चुलत-आते भावंडं जमलो, की मोठ्यांची वामकुक्षी सुरू होताच बंद घरांकडे पळायचो. घरवाले मुंबईला, गिरणीत. त्यांचं कुलूप गणपतीला निघालं तर निघालं. एरवी खळ्यात घाणेरीचं रान. मागचं दार मात्र ढकललं की उघडायचं.

आजी नाही म्हणायची नाही, अटी घालायची. काठी उंबऱ्यावर आपटूनच आत जायचं, फटीत आणि कौलांच्या ढिगात हात घालायचा नाही, माळ्यावर चढायचं नाही. तिला धास्ती फुरशाची. हातभर साप, मातीच्याच रंगाचा, पाय पडेपर्यंत दिसत नाही. लाल विंचवाची त्याहून जास्त. डंखानंतर पोराला दरदरून घाम फुटे, पुढे फुफ्फुसात पाणी होई. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरलं ते १९८०च्या दशकात. त्याआधी आमच्याकडे मांत्रिकच.

आम्ही घाबरायचो ते मुंजाला. तो काही भेटला नाही. भेटायच्या त्या रिकाम्या कणग्या आणि कोनाड्यात मनिऑर्डरींच्या कूपनांची चळत. ‘भात लावून घ्या, पोरांना जपा’, एवढाच मजकूर. आम्ही तो नाटकी आवाजात मोठ्यानं वाचायचो आणि हसायचो.

खरा धोका ओळखला होता आप्पाकाकानं. चिऱ्याची भिंत भक्कम दिसते, पण जुन्या घरांत सांध्याला नुसती माती. वानरांनी कौलं हलवली की पाऊस ती माती धुऊन नेतो, आणि चिरे केवळ स्वतःच्या भारावर उभे राहतात. वाशाला वाळवी आतून पोखरते. वरून तो साबूत. वरच्या घराला ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात भेग गेली होती. “गेल्या साली करंगळी जात होती, यंदा अंगठा जातो,” म्हणत काका तिच्यात बोट घालून दाखवायचा. आजीचा नियम पोरांपुरताच असावा! ते घर त्याच पावसात बसलं. सुदैवानं रात्री.

१९८२च्या गिरणी संपानंतर एक-दोन कुलपं निघाली, चुली पेटल्या. पुढची पिढी पुन्हा मुंबईला गेली. आता आमचंच घर बंद आहे. वाटेकरी इतके की एक वासा बदलायचा तर सगळ्यांची संमती हवी. कौलं उतरवून विकावीत, असं काही भावंडं म्हणतात. माझं म्हणणं, छप्पर काढायचं तर त्याच दिवशी भिंतीही उतरवा. उघड्या भिंती दोन पावसाळ्यांत खिळखिळ्या होतील, आणि वाडीतली पोरं मागच्या दारानं शिरणारच.