डमफ्रीसचा 'ग्लोब इन' आणि अ‍ॅना पार्क

कवी रॉबर्ट बर्न्सच्या खुर्चीत बसायचं तर त्याची एखादी ओळ म्हणायची, नाहीतर पबमधल्या सगळ्यांना आपल्या पैशांनी पाजायचं, असा स्कॉटलंडमधल्या डमफ्रीसच्या 'ग्लोब इन'चा रिवाज. नवऱ्याने 'ऑल्ड लँग साइन'वर निभावून नेलं. टाळ्या पडल्या. मग शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी अ‍ॅना पार्कचा किस्सा काढला आणि माझं डोकं फिरलं.

पब १६१० सालचा. हाय स्ट्रीटवरून अरुंद बोळात शिरायचं, आत लाकडाने मढवलेल्या भिंतींची छोटी खोली. बर्न्स अबकारी खात्यात होता, कामाने शहरात आला की बैठक इथेच. अ‍ॅना ही मालकिणीची भाची, गिऱ्हाइकांना पेले भरून द्यायची. ३१ मार्च १७९१ला तिला बर्न्सपासून मुलगी झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी त्याच्या बायकोला, जीनला मुलगा झाला. पुढे अ‍ॅनाची मुलगीही जीननेच वाढवली.

गृहस्थ हे सगळं डोळे मिचकावत सांगत होते आणि टेबल खिदळत होतं. कवी रंगेल, बायको समजूतदार, संपली गोष्ट! अ‍ॅनाचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. तिच्यावरचं गाणं आपलं सर्वोत्तम प्रेमगीत आहे, असं बर्न्सने स्वतः लिहून ठेवलंय. गाणं सर्वोत्तम, आणि जिच्यावर ते रचलं ती हसण्यावारी? आणि जीन? आपलं मूल कडेवर नि पदरात दुसरीचंही मूल. तिला 'थोर' म्हटलं की सगळे मोकळे. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं असं नवऱ्याचं मत. मला अजूनही वाटतं, परक्या टेबलाशी भांडून अ‍ॅनाला काय मिळणार होतं?

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला सातेक मैलांवरच्या न्यू अ‍ॅबी गावात गेलो. इथल्या पबमध्ये प्यायचं तर गाडी ठेवून जावं. २०१४पासून स्कॉटलंडमध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५०वर आणलीय, एक पाइंटही अंगाशी येऊ शकतो. कायदा योग्यच, पण आडगावच्या पबांना तो जड जातो. चौकातल्या पबमध्ये सूप-ब्रेड घेतलं. तिथून चार पावलांवर लाल दगडाचा भग्न 'स्वीटहार्ट अ‍ॅबी' मठ. डेव्होर्गिला या उमरावीणबाईने तो १२७३मध्ये नवऱ्याच्या आठवणीसाठी उभारला. त्याचं हृदय ती हस्तिदंती पेटीत जवळ बाळगायची, ते तिच्याबरोबरच पुरलं. सुंदरच आहे सगळं. पण जमीनजुमला असलेल्या बाईच्या प्रेमाचा मठ होतो आणि पेले भरणारीच्या प्रेमाचा चावट किस्सा, हे मला तिथे सारखं टोचत राहिलं.

तरीही कुणी डमफ्रीसला निघालं की मी पहिलं नाव 'ग्लोब'चंच घेते. तशी खोली, तशी ऊब दुसरीकडे मिळाली नाही. दुपारी गर्दी कमी असताना जा, वरची खोलीही बघा, तिथल्या खिडकीच्या काचांवर बर्न्सने ओळी कोरल्या होत्या. आणि कुणी अ‍ॅनाचा किस्सा रंगवायला लागलं, तर तिचं पुढे काय झालं एवढं जरूर विचारा.