प्लगचे आटे

सोमवार, 30 ऑक्टोबर 2023. डोंबिवली पूर्व

पेपरात पद्मिनी टॅक्सीच्या निरोपाची बातमी आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत काल भरली. पद्मिनी बनायची प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. आम्हा डोंबिवलीकरांना मात्र प्रीमियर म्हटले की कल्याण-शीळ रस्त्यावरचा कारखाना आठवतो. 1990 च्या दशकात तिथून प्यूजो 309 बाहेर पडायची. आता त्या बाजूला टॉवर उभे राहिलेत.

संध्याकाळी ठाण्याहून येताना कटई नाक्याच्या अलीकडे आमची मारुती 800 मिसिंग करायला लागली. सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर थोडे कमी. बॉनेट उघडले, तर मधल्या प्लगपाशी फस्‌फस् आवाज. कॉम्प्रेशन तिथून निसटत होते.

बुधवार, 1 नोव्हेंबर

गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी थंड इंजिनावरच सोनारपाड्याच्या मिस्त्रीकाकांनी पाना लावला. हा माणूस उमेदीत प्रीमियरमध्ये हेड जोडायच्या कामावर होता. त्यांच्या हातातल्या पान्याला घाई नसते. दोन प्लग सुटले. मधला नुसताच गोल फिरत राहिला आणि वर ओढल्यावर आट्यांमध्ये गुंडाळलेली ॲल्युमिनियमची चकचकीत तार घेऊनच आला.

"काका, गेले ना आटे?"

"गेले. कुणीतरी तापलेल्या इंजिनात तिरका घुसवलाय, तोही इम्पॅक्ट गनने."

मागची सर्व्हिसिंग दुसऱ्या एका गॅरेजात झाली होती. प्लगचे अंग पोलादाचे, हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि मऊही असते. तापलेल्या हेडमध्ये कसलेला प्लग थंड झाल्यावर आवळला जातो. त्यात पहिला आटा तिरका धरला गेला असेल, तर पोलाद आपली वाट ॲल्युमिनियममधून कापतच आत जाते. त्या वेळी प्लग घट्ट बसल्यासारखा वाटतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

शुक्रवार, 3 नोव्हेंबर

सल्ल्यांचा नुसता पाऊस. एक म्हणतो, जुने हेड आणून टाका. दुसरा म्हणतो, प्लगला टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि गाडी विकून टाका. हा दुसरा सल्ला मला संतापजनक वाटतो. ठिणगीनंतर इंधन जळते तेव्हा सिलिंडरमधला दाब पूर्ण भारावर 40 बारच्या आसपास जातो. 14 मिलिमीटरच्या भोकावर त्याचा हिशेब मांडला तर प्लगला खालून साठ किलोंचा धक्का बसतो. तीन हजार फेऱ्यांवर असे पंचवीस धक्के एका सेकंदात. शिवाय प्लगची उष्णता हेडमध्ये उतरते ती बैठकीतून आणि आट्यांतूनच, आणि ठिणगीला अर्थिंगही तिथूनच मिळते. टेप या दोन्हींच्या आड येते. असा प्लग उद्या उडेल, तो गाडी विकत घेणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात.

काकांचे मत एकच: हेलिकॉइल. भोक थोडे मोठे करून नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टेनलेस स्टीलच्या तारेचे वेटोळे बसवायचे. वेटोळ्याच्या आतल्या अंगाला पुन्हा मूळ मापाचेच आटे मिळतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांनाही हाच उपाय लाभला.

रविवार, 5 नोव्हेंबर

सकाळपासून काकांच्या बाजूला उभा होतो.

आधी इंजिन हाताने फिरवून मधला पिस्टन खाली घेतला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, म्हणजे आटे पाडायचा टॅप कशालाच लागणार नाही. टॅपच्या खाचा ग्रीसने भरल्या, कीस त्यात अडकावा म्हणून. मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे. दर थोड्या वेळाने टॅप बाहेर, पुसणे, नवे ग्रीस, पुन्हा आत. टॅप सरळ जातोय ना, हे काका दोन बाजूंनी वाकून बघत. हात तिरपा झाला तर नवे आटेही तिरपे पडतील आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

ग्रीसने सगळा कीस धरला जातो यावर काकांचा विश्वास नाही. व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून त्यांनी सिलिंडरचा तळ ओढून काढला. मग इग्निशन आणि इंधन तोडून, प्लगचे भोक उघडे ठेवून स्टार्टर मारला. उरलेसुरले हवेबरोबर बाहेर. बॅटरीच्या उजेडात आत नीट बघितल्यावरच वेटोळे हातात घेतले.

ते बैठकीच्या किंचित खाली बसवले. खालचे टोक दहनकक्षात डोकावता कामा नये. डोकावले तर ते तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच इंधन पेटवते.

तिन्ही प्लग नवे घेतले. फीलर गेजने गॅप तपासला. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून गॅप थोडा कमी ठेवला. प्लग रबरी नळीच्या टोकाला धरून काकांनी बोटांनी फिरवला. तिरका लागला तर नळीच घसरते, आटे वाचतात. शेवटी टॉर्क रेंच, 25 न्यूटन मीटर. प्लग बसताना मला काकांच्या हातात शेवटपर्यंत एकसारखा, मऊ विरोध दिसत होता.

हे काम मला नव्या हेडपेक्षा सरस वाटते. पोलादी आटे ॲल्युमिनियमइतके झिजत नाहीत, आणि बाहेरचे भोक मोठे असल्याने ॲल्युमिनियमची पकडही वाढते.

बुधवार, 8 नोव्हेंबर. कल्याण

शीळफाटा, मुंब्रा बायपास, ठाणे आणि परत. मग पत्रीपूल ओलांडून बहिणीकडे फराळाचे सामान पोचवले. मिसिंग नाही, आवाज नाही. गार झाल्यावर प्लगच्या कडेला साबणपाणी लावून इंजिन चालू केले. एक बुडबुडा नाही.

दिवाळीत गावी जाण्याआधी पुष्कळजण गाडीचे प्लग बदलून घेतील. त्यांना एवढीच विनंती: इंजिन थंड होईपर्यंत थांबा, आणि नवा प्लग निदान पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवायला सांगा. मेकॅनिक गन उचलायला लागला, तर त्याला थांबवा.