अदमुरं

रात्रीचे साडेदहा. एका हातात विरजणाचा चमचा, दुसऱ्या हातात फोन. फोनवर मित्राचा निरोप: 'तुझ्या उत्साहावर विरजण घालायचं नाहीये, पण...' पणच्या पुढचं मी वाचलंच नाही. चमच्यातलं विरजण ओट्यावर ठिबकत होतं आणि मी त्या वाक्याकडे बघत उभा होतो.

विरजणानं मराठीचं काय घोडं मारलंय? ते नसतं तर ताक नाही, लोणी नाही, कढी नाही, गोकुळाष्टमीची दहीहंडी नाही. तरीही कुणाचा बेत फिसकटला की विरजण पडतं. बिचाऱ्या दुधाच्या बाजूनं पाहिलं तर खरंच आहे म्हणा. ते स्वस्थ, पांढरंशुभ्र बसलेलं असतं, आणि वरून काहीतरी आंबट येऊन पडतं.

मग लक्षात आलं की सावकाश होणाऱ्या बहुतेक गोष्टींवर आपल्या भाषेचा असाच राग आहे. पाणी मुरतं म्हणून विहिरीला झरे राहतात, पण 'पाणी कुठेतरी मुरतंय' म्हटलं की समोरचा सावध होतो. काम रेंगाळलं की ते भिजत घोंगडं. माणूस मुरलेला असला तर त्याच्याशी व्यवहार जपून करायचा. एकट्या लोणच्याला तेवढी मुरण्याची मुभा आहे.

असो. विरजण लावलं, भांडं दोनदा हलवलं, वर ताटली ठेवली. दही लावण्यात अवघड काही नाही. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट हवं, साधारण चाळीस अंशांच्या थोडं वर; विरजण नखभर, आणि मग सहा-सात तास हात लावायचा नाही. थंडीत लोक भांडं पिठाच्या डब्यात ठेवतात, घोंगडीत गुंडाळतात. एकदा विरजण नव्हतं तेव्हा मी हिरव्या मिरचीचे देठ टाकून पाहिले होते. दही लागलं, पण त्याला विचित्र वास होता. हे सगळं मला येतं. न येणारी गोष्ट एकच: हात न लावणं. अकराला मी ताटली उचलली. साडेअकराला उचलून भांडं किंचित कलतं केलं. बाराला बोट घातलं.

आत काय चाललेलं असतं ते शाळेत शिकलो होतो. जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करत राहतात. ताज्या दुधाचा सामू साडेसहाच्या थोडा वर असतो, तो हळूहळू उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं विणलं जातं आणि सगळं पाणी त्या जाळ्यात धरलं जातं. तेच दही. जाळं विणलं जात असताना भांडं हललं तर ते जिथं तुटतं तिथं पुन्हा नीट जुळत नाही; दह्याला पाणी सुटतं. म्हणजे दही लागलं का हे पाहण्यानंच दही बिघडतं. आणि पाहिल्यावर बरं वाटतं ते किती वेळ? ताटली परत ठेवेपर्यंत. ओट्यापासून पलंगापर्यंत येईतो शंका पुन्हा हजर. बघण्यानं काळजी भागत नाही, तिला बघण्याची सवय लागते. कुरियर कुठवर आलं ते दाखवणारा फोनवरचा ठिपका ज्यानं शोधला, त्याला माझ्यासारख्यांची नाडी बरोबर सापडली होती.

एका वर्षी दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. आषाढात पाठवली, श्रावण आला तरी पोच नाही. पोटात गोळा. पहिल्या आठवड्यात वाटलं, अजून वाचली नसेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, वाचली असेल. एकोणिसाव्या दिवशी मी संपादकांना लिहून टाकलं: कथा परत घेतो, तिच्यावर पुन्हा काम करायचं आहे. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. तुमची इच्छा. चित्रकाराकडे चित्र काढायला दिली होती, ती परत मागवतो.

ती कथा मी पुन्हा उघडलेली नाही. पण हातानं घालवण्याचा हा जो आजार आहे, त्याच्यावर अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, बर्गलास आणि जोन्स यांनी, १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली. काहींना दिलेले प्रश्न बहुतांशी न सुटणारेच होते, तरी त्यांनाही सांगितलं, शाबास, छान सोडवलंत. दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं: एक बुद्धी तल्लख करणारं, एक मंद करणारं. आपल्याला शाबासकी कशाबद्दल मिळाली हे ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी मंद करणारं पसंत केलं. पुढं नापास झालोच तर औषधामुळे झालो म्हणता येईल. वाचलं तेव्हा हसलो, मग चित्रकाराकडून परत आलेली कथा आठवली. माझी कथा नाकारली गेली असं आता कुणी म्हणू शकत नाही. मीच परत घेतली.

मे २००९. मी आणि आत्या रत्नागिरीला निघालो होतो, माझ्यासाठी मुलगी बघायला. आई आजारी होती, म्हणून वडीलधारं माणूस म्हणून आत्या. पहाटेची पॅसेंजर, कोकण रेल्वेवरची, म्हणजे तेव्हा सगळी एकेरी मार्गाची. समोरून गाडी येणार असेल तर कुठल्यातरी लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहायचं, ती गेली की निघायचं. याला क्रॉसिंग म्हणतात, आणि क्रॉसिंगमध्ये पॅसेंजरचा नंबर कायम शेवटचा. मुलीकडे चारला पोचायचं होतं. गाडी एकपर्यंत रत्नागिरीत जाणार होती. तीन तास हाताशी होते. हे मी आज लिहू शकतो. त्या दिवशी मला ते तीन तास दिसतच नव्हते.

चिपळूणच्या अलीकडे गाडी थांबली. एक मालगाडी गेली. एक एक्स्प्रेस गेली. लोक उतरून आंब्याच्या सावलीत बसले, एकानं फलाटावर पंचा पसरून डोळे मिटले. कुणी करवंदं विकत होतं. मी दाराशी उभा राहून सिग्नलकडे बघत होतो. जणू मी नजर काढली तर तो लालच राहील. आत्या खिडकीशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात दहीभात. प्रवासाच्या दहीभाताची तिची पद्धत अशी: मऊ शिजवलेल्या भातात कोमट दूध भरपूर, विरजण चमचाभर. निघताना तो दूधभातच असतो, वाटेत लागतो. जेवायच्या वेळेला बरोबर गोडसर दहीभात. नुसतं दही घालून नेलेला भात दुपारपर्यंत आंबून जातो. गाडी किती वाजता कुठं असेल याचा हिशेब रेल्वेनं केला नसेल इतका तिच्या भातानं केलेला असे.

आणि मग रो-रो आली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मालानं भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात. कोलाडला चढवायचे, गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे, किंवा उलट. १९९९ पासून चालू आहे. घाट टळतात, डिझेल वाचतं. चालक आपापल्या केबिनमध्येच बसून असतात. ती गाडी आमच्या शेजारून हळूहळू गेली, इतकी जवळून की त्यांचे चेहरे दिसत होते. एकानं पाय डॅशबोर्डवर टाकले होते. एकाची बनियन आरशावर वाळत होती. आणि एक जण, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, स्टिअरिंगमागं ताठ बसला होता. दोन्ही हात मांडीवर. समोर काच, काचेपुढं दुसऱ्या ट्रकची पाठ, खाली चाकं बांधलेली, आणि ट्रक चाललेला. हातासमोर चाक असून त्याला हात नाही. मला तो माणूस सहनच झाला नाही. मी असतो तर वळणावळणाला चाक फिरवलं असतं.

रो-रो गेली तरी सिग्नल लाल. मी बॅग उचलली.

"आत्या, मी रस्त्यानं पुढं होतो. हायवे इथं वरच आहे."

"अरे, दहीभात अजून लागायचाय."

"तू गाडीनं ये. मी तिथं आधी पोचतो."

"गाडी उभी आहे रे, मेलेली नाही," आत्या म्हणाली. पण थांब म्हणाली नाही. वीस रुपये काढून दिले, सुट्टे असू देत म्हणून.

कातळावरून चढून हायवेवर आलो, घामाघूम. मागं वळून पाहिलं तर गाडी हलली होती. मी ते पाहिलं नाही असं ठरवलं. एका टेम्पोवाल्यानं घेतलं. परशुराम घाटात ट्रकांची रांग. रांगेत आमच्या नाकासमोर ती पिवळी पाटी, 'अति घाई संकटात नेई'. चिपळूण स्टँडवर रत्नागिरीची एसटी डोळ्यांदेखत सुटली. पुढची मिळाली ती संगमेश्वरपर्यंतच. तिथून हातखंबा तिठ्यापर्यंत काजूच्या पोत्यांबरोबर. तिथून वडाप. दर टप्प्यावर मला वाटत होतं की मी काहीतरी करतोय, आणि ते वाटणं मला फार आवडत होतं, हे कबूल करायला हवं. मुलीच्या घरी पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. शर्टाला ग्रीस लागलेलं.

आत्या ओटीवर बसून मुलीच्या आजीला कुळथाच्या पिठल्याबद्दल काहीतरी सांगत होती. गाडी सव्वाला आली, तिनं फलाटावर जेवण केलं, वेटिंग रूममध्ये साडी बदलली, चारला पाच कमी असताना दारात हजर. पोहे, कोकम सरबत, सगळं होऊन गेलेलं. मला पाहून म्हणाली, "आला. रस्त्यानं येत होता." एवढंच. तिथं काही जमलं नाही. पण त्याचं कारण उशीर नव्हता, पत्रिका होती. आत्या मात्र त्यांना आवडली. पुढं कित्येक वर्षं तिला त्या घरून फणसाची साठं येत.

रात्री परतीच्या गाडीत तिनं डबा उघडला. माझा वाटा तसाच ठेवला होता. झाकण काढताच आंबट वास आला.

"तुझा आंबला," ती म्हणाली. "माझा छान होता."

'धीर धर' हा सल्ला मला कधीच पटला नाही. धरायला तो आधी कुठं दिसायला तर हवा! पण मराठीत धीर देतासुद्धा येतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. सबुरी देता येत नाही. ती आपली आपण ठेवायची, रिक्षांच्या मागं श्रद्धेच्या जोडीला लिहिलेली असते तशी. धीर मात्र दिला जातो, घेतला जातो, एकाचा सुटतो तेव्हा दुसऱ्याकडून थोडा मिळतो. विरजणासारखाच. आपल्याकडचं संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, आणि विरजण मागणाऱ्याला मी तरी कुणी नाही म्हटलेलं पाहिलं नाही. परदेशी निघालेले लोक म्हणे रुमाल दह्यात भिजवून, वाळवून नेत; तिकडं तो दुधात बुडवायचा. ते वीस रुपये मला त्या दिवशी फार लागले होते, हे आत्ता लिहिताना कळतंय. वडापवाल्याला तेवढेच दिले होते.

आत्या जाऊन सहा वर्षं झाली.

दीडला पुन्हा उठलो. चौथ्यांदा. ताटली उचलली. दही लागलं नव्हतं आणि दूधही उरलं नव्हतं; चमचा उभा राहत नव्हता, पडतही नव्हता. बोट घातलं होतं तिथं पाण्याचं लहानसं डबकं. त्याला अदमुरं म्हणतात. हा शब्द मला फार दिवसांनी आठवला. अर्ध्यात अडकलेल्या दह्याला मराठीनं वेगळं नाव दिलंय, आणि त्या नावात राग नाही. उलट लहानपणी आम्ही अदमुऱ्यासाठी भांडायचो, साखर घालून. पूर्ण लागलेल्या, कवडीदार दह्यापेक्षा मला आजही तेच आवडतं. विकतच्या डब्यातल्या, सुरीनं कापता येईल अशा दह्याचं तर नावच नको.

वाटीत घेतलं, साखर घातली, उभ्या उभ्या खाल्लं. उरलेल्यावर ताटली ठेवली. मित्राच्या निरोपातलं पणच्या पुढचं सकाळी वाचीन म्हटलं.

पलंगावर पडल्यावर तो पांढऱ्या मिशांचा चालक पुन्हा समोर आला. त्याला एक विचारायचं राहून गेलं. रात्री, बोगद्यात, समोरचं काही दिसत नसताना, ट्रक आपोआप वळणावर कलतो तेव्हा, उजवा पाय ब्रेककडे जात नसेल का?