हेडमास्तरांना मार्क कोण देणार?

माझी भाची इंग्लंडमध्ये असते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेच. मध्यंतरी तिचा फोन आला, मुलाच्या प्राथमिक शाळेत ती गव्हर्नर झाली म्हणून. मी म्हटलं, "अगं, राज्यपाल झालीस आणि पेढेसुद्धा नाहीत?" मग तिने समजावून सांगितलं. तिकडे शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणारं एक मंडळ असतं, त्यात पालकांनी निवडून दिलेलेही काही जण असतात. काम बिनपगारी. मंडळातल्या दोघातिघांनी हेडमास्तरांशी बसून वर्षाची उद्दिष्टं ठरवायची, मदतीला बाहेरचा एक जाणकार घ्यायचा, आणि वर्ष संपलं की काय जमलं, काय नाही ते बघायचं. या दोघातिघांत तिचंही नाव आलंय आणि ती धास्तावली आहे. "मावशी, तू चौतीस वर्षं शाळेत काढलीस. चांगला हेडमास्तर ओळखायचा कसा?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. या वयात विचार करायला वेळ भरपूर असतो, फक्त तो दुपारच्या झोपेतून काढावा लागतो.

आपल्याकडची पद्धत आधी सांगते, कारण नव्या मंडळींना ती ठाऊक नसेल. मी १९७४ च्या जूनमध्ये एका अनुदानित शाळेत लागले आणि २००८ मध्ये त्याच संस्थेतून निवृत्त झाले. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. हेडमास्तर व्हायचं ते सेवाज्येष्ठतेने, आणि दरवर्षी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहायचा. शिक्षकांचा हेडमास्तरांनी, हेडमास्तरांचा संस्थेने. यात एक गंमत आहे. अहवाल लिहिलाच नाही आणि प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असं धरायचं. न तपासलेली वही बरोबर आहे असं धरण्यासारखंच हे! हेतू चांगला आहे, मागाहून कुणी डूख धरून नोकरीवर उठू नये म्हणून ते संरक्षण. पण त्यामुळे आळशी संस्थेतले सगळेच हेडमास्तर वर्षानुवर्षं समाधानकारक.

बरं, काम चांगलं केलं तर तेही कळायचं नाही. कळवायचे ते फक्त वाईट शेरे. सरकारी नोकराला त्याचा प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, कळवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते मे २००८ मध्ये. तोवर माझी पेन्शनची फाईल तयार होत आली होती.

गोपनीय अहवालाशिवाय दुसरी परीक्षा म्हणजे तपासणी. आमच्या लहानपणी दिपोटी यायचे. आठ दिवस आधीपासून शाळा सारवायची, तक्ते टांगायचे, ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा आणि ज्याला येत नाही त्याने डावा, म्हणजे साहेबांना सगळेच हात वर दिसतात. ही गोष्ट प्रत्येक गावात आपल्याच शाळेत घडली म्हणून सांगतात, त्यामुळे खरी की खोटी देव जाणे. मी नोकरीत असताना दिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आले, रांगोळी मात्र तीच राहिली. साहेब दप्तर बघायचे, शेरेबुकात चार ओळी लिहायचे, उपमा खाऊन जायचे. दप्तर बघायचे म्हणजे ते नीट आहे ना एवढंच बघायचे. त्यात काय लिहिलंय ते वाचताना मी कुणाला पाहिलं नाही.

आता मुद्द्यावर येते. प्रत्यक्षात आमच्या संस्थेने हेडमास्तरांना एकाच तराजूत तोललं, दहावीचा निकाल.

नव्वदीच्या दशकात आम्हाला एक हेडमास्तर लाभले. कडक शिस्तीचे, कपडे कसे इस्त्रीचे, बोलणं मोजकं. त्यांनी तीन वर्षांत शाळेचा निकाल शंभर टक्क्यांवर नेला. गावात फलक लागला, अध्यक्षांनी शाल घातली. हा निकाल कसा लागला ते स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नववीच्या वर्गात बासष्ट मुलं होती, दहावीला बसली एक्केचाळीस. उरलेली एकवीस कुठे गेली? काही नववीत नापास करून खाली ठेवली. बाकीच्यांच्या पालकांना एप्रिलमध्ये बोलावून सांगितलं, दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, पोरगं बाहेरून बसेल. शिक्षकी पेशाबाहेरच्यांसाठी सांगते, सतरा नंबर म्हणजे खाजगी रीतीने परीक्षेला बसायचा अर्ज. शाळा सुटलेल्यांना, कामावर जाणाऱ्यांना दहावी करता यावी म्हणून ती सोय आहे, आणि फार चांगली सोय आहे. पण त्या मुलाचा निकाल शाळेच्या टक्केवारीत येत नाही, एवढीच गोष्ट काही हेडमास्तरांच्या नेमकी लक्षात राहते.

त्या एकवीस जणांत माझ्या वर्गातला एक मुलगा होता. गणित, इंग्रजी दोन्ही कच्चं. पण भूगोलाचा नकाशा असा काढायचा की आपण बघत राहावं, आणि निबंधात आजीच्या तोंडची भाषा जशीच्या तशी उतरवायचा. त्याचे वडील वीटभट्टीवर होते. ते ऑफिसात आले, चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीवर बसले नाहीत. सही करा म्हटल्यावर सही करून गेले. मी हेडमास्तरांकडे गेले, म्हटलं सर, एक वर्ष द्या, मी त्याचा अभ्यास घेते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या मराठीचा निकाल शंभर टक्के लागतो, तो कशामुळे असं तुम्हाला वाटतं?" यावर मी काय बोलणार होते?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडल्याचे कारण. त्यात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

या हेडमास्तरांचा गोपनीय अहवाल काय असेल ते सांगायला नको.

त्यांच्या आधी, ऐंशीच्या दशकात, दुसरे एक हेडमास्तर होते. ढगळ शर्ट, सायकलवर फिरायचे, ऑफिसच्या कामात थोडे गबाळे (पगारबिलं कायम उशिरा जायची, त्यावरून आम्ही चिडायचो). आमचं गाव ऊसतोडीला माणसं पाठवणाऱ्या टापूतलं. दिवाळी झाली की वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायच्या, आईबापांबरोबर पोरंही कारखान्यावर जायची ती उन्हाळ्यातच परतायची. हे हेडमास्तर दसऱ्यापासूनच वस्तीवर फेऱ्या सुरू करायचे. म्हाताऱ्यांशी बोलायचे, आजी, पोरीला तुझ्यापाशी ठेव, रात्री शाळेत दिवा असतो, तिथे अभ्यासाला पाठव. काही जणी ऐकायच्या. मग तीच मुलं, सहा-सहा महिने बुडालेली, दहावीला बसायची आणि निम्मी नापास व्हायची. निकाल बावन्न टक्के. संस्थेने शेरा कळवला, 'निकाल असमाधानकारक'. त्यांनी उत्तर दिलं ते मी पाहिलं आहे, कारण त्याची स्वच्छ प्रत मीच काढून दिली होती. त्यात तक्रार नव्हती. फक्त एक कोष्टक होतं: तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलगे-मुली आल्या, त्यातले दहावीला किती बसले, न बसलेले कुठे आहेत. प्रत्येक नावापुढे ठावठिकाणा. संस्थेकडून त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढच्या जूनमध्ये सरांची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली.

भाचीला मी जे सांगितलं ते या कोष्टकावरून. म्हटलं, तुमच्या शाळेचं रजिस्टर माग. कोण आलं आणि पूर्ण होण्याआधी कोण गेलं ते बघ, आणि गेलेल्यांपैकी चार घरी स्वतः फोन कर. मला वाटलं होतं ती म्हणेल, मावशी, हे तुमच्याकडचं झालं. तर ती म्हणाली, आमच्याकडे याला नावच आहे, ऑफ-रोलिंग. तिकडच्या माध्यमिक शाळांत सोळाव्या वर्षीच्या परीक्षेआधी नकोशी मुलं पटावरून हळूच उतरवतात. त्यांची तपासणी यंत्रणा, ऑफस्टेड, २०१९ पासून तपासणीत हे मुद्दाम बघायला लागली. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनी नुसत्या निकालाऐवजी, मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं आणि कुठवर पोचलं हे मोजणारं मापही आणलं होतं. माप आपल्यापेक्षा पुष्कळच शहाणं. पण ज्या मुलामुळे माप खाली येईल ते मूलच पटावर नसलं तर शहाणं माप तरी काय करणार?

तिनेच रूथ पेरी यांच्याबद्दल सांगितलं. रीडिंगमधल्या कॅव्हरशॅम प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. नोव्हेंबर २०२२ मध्ये तपासणी झाली. शिकवणं चांगलं, मुलांची वागणूक चांगली असं म्हणूनही, बालसुरक्षेच्या कामातल्या त्रुटींमुळे आधी सर्वोत्कृष्ट ठरलेल्या शाळेला एका शब्दाचा शेरा मिळणार होता: अपुरी. तो अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, त्यांनी आयुष्य संपवलं. तपासणीचा त्यात वाटा होता असं चौकशीत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदवलं गेलं आणि सप्टेंबर २०२४ पासून शाळेला एका शब्दात शेरा देणं बंद केलं. हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होते. हेडमास्तरांचा हिशेब मागायला हवा असं म्हणताना, हिशेब देणाराही माणूस आहे याचा विसर पडू नये. आपल्याकडे शेऱ्याला धार नाही, तिकडे एकाच शब्दाला एवढी धार!

निकालाचा तराजू काही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आणि आपल्या मुंबई इलाख्यातही, तपासणीत मुलं पास किती झाली त्यावर शाळेचं अनुदान ठरायचं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा तपासनीस, त्यांनी या पद्धतीवर तेव्हाच कडाडून टीका केली होती.

आपल्याकडे निकालाच्या जोडीला दुसरं एक माप आहे, पट. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. म्हणून पाचवी ते आठवीत नावं सांभाळायची, अगदी मूल नसलं तरी सांभाळायची. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून, तेव्हा लाखो नावं नुसती कागदावर निघाली. तेच मूल खरोखर असलं आणि अभ्यासात कच्चं असलं तर नववीत नकोसं. शिक्षणहक्क कायद्याचं छत्रही आठवीपर्यंतच. एकच मूल, सप्टेंबरात शाळेची पुंजी आणि एप्रिलमध्ये बोजा. हेडमास्तर वाईट म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. आपण त्याला जिथे मार्क ठेवले तिथे तो अभ्यास करतो, मुलांसारखाच.

मी गेल्यानंतर २०१५ मध्ये शाळासिद्धी आली. सात क्षेत्रं, सेहेचाळीस मानकं. शाळेने आधी स्वतःचं मूल्यमापन करायचं, मग बाहेरचे येऊन बघणार. मी ती पुस्तिका एका माजी विद्यार्थिनीकडून मागवून वाचली. चांगली आहे. पाण्यापासून पालकांच्या सहभागापर्यंत सगळं आहे. पण सेहेचाळीस गोष्टी बघायला सांगितलं की माणूस फाईल बघतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात हेही उत्तम, फक्त अनुदानित शाळेत तिने सल्ला तेवढा द्यायचा. आणि चपला दाराबाहेर काढून उभे राहणारे ते वडील हेडमास्तरांना काय सल्ला देणार?

हेडमास्तरांच्या हातात नसलेलं पुष्कळ असतं हे मला मान्य आहे. पदं रिकामी, निवडणुकीची कामं, पोषण आहाराचे हिशेब, आणि रोज नवी ऑनलाईन माहिती भरायची. पाऊस पडला नाही आणि गाव लवकर उठलं तर तो दोष त्यांचा कसा? म्हणून गळतीचा आकडा काढून त्याचाच पुन्हा तराजू करू नये, नाहीतर कारणाचा रकाना आणखी हुशारीने भरला जाईल. नावं बघावीत. गेलेल्या मुलासाठी हेडमास्तरांनी काय केलं, कुणाच्या घरी गेले, ते विचारावं. दर शाळेत जनरल रजिस्टर असतंच आणि ते कायमचं दप्तर आहे. विस्तार अधिकाऱ्याला एका दुपारचं काम, उपमा खाऊनसुद्धा जमेल.

वर सांगितलेली ती विद्यार्थिनी आता स्वतः मुख्याध्यापिका आहे. मी तिला म्हटलं, तुझ्याच शाळेचं करून बघ, कुणाला दाखवू नकोस. चार दिवसांनी तिचा फोन आला. गेल्या खेपेच्या आठवीतल्या चौपन्नपैकी नऊ जण दहावीपर्यंत पोचले नव्हते. दोघे दुसऱ्या शाळेत नीट शिकताहेत. एक गॅरेजमध्ये लागलाय. तीन मुलींची लग्नं झाली, त्यातल्या एकीच्या दाखल्यावर कारण लिहिलंय 'पालकांच्या विनंतीवरून'. तिघांचा पत्ताच लागत नाही. त्या तिघांपैकी एकाचा मामा बाजारात भाजीचा गाळा चालवतो असं शिपायाकडून कळलंय, तर रविवारी ती तिकडे जाऊन येणार आहे.